आठातले सव्वातीन

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते बाजाराने ठेवलेलं नाव, आणि नावं ठेवण्यात बाजार सहसा चुकत नाही. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानासमोर नुसते उभे राहिले की गल्ल्यामागच्या माणसाच्या पोटात गोळा यायचा, आणि तो गोळासुद्धा साहेब मनातल्या मनात तोलतायत असं त्याला वाटायचं. काटा तपासतो म्हणून काटे, आणि घशात अडकतो म्हणूनही काटे. साहेबांना यातला पहिलाच अर्थ ठाऊक होता असं त्यांची बायको सांगते. पण बायको पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, म्हणजे दुसऱ्यांची बोलणी ऐकून पगार घेणारी. तिचं सांगणं अर्धं धरावं, आणि ते अर्धं पक्कं धरावं.

निवृत्त झाल्यावर कुणी बागेला लागतं, कुणी नातवंडांना. हे घराला लागले. सकाळी पाव आला की आधी वजनकाट्यावर, मग ताटात. साबणाच्या वडीवर छापलेले ग्रॅम आणि भरलेले ग्रॅम यांची तुलना न्हाणीघराच्या दारामागे पेन्सिलीने लिहिलेली. एकदा काडेपेटीवर पन्नास काड्या असं छापलेलं पाहिलं. दुपारी वर्तमानपत्र पसरून मोजल्या, तर सत्तेचाळीस. कंपनीला तीन पत्रं गेली. तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून कंपनीने कंटाळून एक काडेपेटी भेट पाठवली. तिच्यात अठ्ठेचाळीस निघाल्या. त्या दिवशी साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते लग्नाच्या फोटोतही नाही.

आणि मुलगी झाली तेव्हाचं तर सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. नर्सने मुलीचं वजन सांगितलं. बापाने पहिला प्रश्न विचारला की हा काटा शेवटचा कधी तपासलाय. नर्स म्हणाली, आधी बाळ बघा. त्यांनी बाळ पाहिलं, मान डोलावली, मग काटा पाहिला. तो वीस ग्रॅम जास्त दाखवत होता. जन्मून एक तास झाला नाही तर बापाने लेकीचे वीस ग्रॅम कापले, असं तिची आई अजून म्हणते.

ही मुलगी पुढे मोठी झाली, एका ग्रंथालयात नोकरीला लागली, आणि तिने एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केलं. माणूस चांगला. हाताला वंगणाचा वास, खिशात कायम पेचकस, आणि बोलणं मोजकं. पण मोजकं बोलणाऱ्याबद्दल साहेबांचं मत ठरलेलं होतं. बाजारात जो दुकानदार गप्प असायचा त्याच्याच पारड्याखाली मेण चिकटवलेलं सापडायचं. बडबड्या दुकानदार फार तर मापात पाप करतो, मुका करतो त्याला नाव नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, तरी जावई घरी आला की साहेब त्याच्या हातांकडे बघत. जावई साखरेचा डबा सरकवायला हात पुढे करी, तरी यांची नजर मनगटावर.

आता खरी गोष्ट सुरू होते. मुलगी आणि जावई गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहत होते. त्यांच्या घराचा करार संपत आला होता. सोमवारपर्यंत मालकाला सांगायचं होतं, पुढे राहणार की जाणार. इकडे साहेबांच्या घराच्या माडीवर दोन खोल्या पडून होत्या. सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि लेक घरात यावी ही एकच इच्छा त्यांनी आयुष्यात सलग धरून ठेवली होती. मुलगीही तयार होती. अडत होतं ते जावयापाशी. त्याने बायकोला एकच वाक्य सांगितलं होतं: तुझ्या बाबांच्या घरात माझी रोज झडती होईल. मुलीने ते आईला सांगितलं, आणि आईने, ऑपरेटरच ती, जसंच्या तसं पुढे जोडून दिलं.

वर नवऱ्याला दम भरला, "शनिवारी पाच वाजता ती दोघं खोल्या बघायला येतायत. तोवर तुम्ही माणसासारखं वागायचं. चार दिवस. जमेल?"

साहेब म्हणाले, त्यात काय. आणि खरंच जमलंही असतं. मध्ये संगणक आडवा आला.

घरात एक संगणक होता, तेरा वर्षांचा. जुन्या पडद्यातून शिवलेलं झाकण त्याच्या अंगावर असायचं. त्याच्यावर साहेब आपला ग्रंथ लिहीत होते. विषय अर्थातच लबाडीचा. आतून पोखरून बूच भरलेली वजनं, ताणून सैल केलेल्या स्प्रिंगा, तळाशी खोटा पत्रा लावलेली तेलाची मापं, एका बाजूची दांडी किंचित लांब असलेले तराजू. एकतीस वर्षांत काढलेले चारशेवर फोटो त्यांनी एकेक करून स्कॅनरमधून आत घातले होते. पण संगणक म्हातारा झाला होता. पाच फोटो एकदम उघडले की पडदा गोठायचा. साहेब चहा करून आणायचे, पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा, आणि मग सहावा फोटो वरून खाली हळूहळू उतरायचा, एखादी म्हातारी जिना उतरते तसा.

जावयाने हे दोन-तीनदा पाहिलं होतं. गेल्या रविवारी तो न बोलता आला, संगणकाचा डबा उघडला, आतल्या मेमरीच्या दोन जुन्या पट्ट्या काढल्या आणि दोन नव्या बसवल्या. जुन्या पट्ट्या एकेक जीबीच्या होत्या, नव्या चार-चार जीबीच्या.

"दोन होते, आता आठ आहेत," एवढंच तो म्हणाला. जुन्या पट्ट्या पाकिटात घालून टेबलावर ठेवल्या आणि जेवून गेला. साहेबांनी पूर्ण वेळ त्याच्या हातांवर नजर ठेवली होती. काही सापडलं नाही. त्यामुळे त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

संगणक थोडा बरा चालायला लागला. तीन दिवस साहेब खूष होते. चौथ्या दिवशी, गुरुवारी, त्यांना वाटलं की सांगितलेलं माप भरलंय का ते बघायला काय हरकत आहे. कुणावर संशय म्हणून नाही. सवय म्हणून. त्यांनी संगणकाच्या माहितीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: बसवलेली मेमरी आठ जीबी. आणि त्याच्यापुढे कंसात, एखादी गोष्ट खालच्या आवाजात सांगावी तसं: वापरण्याजोगी, सव्वातीन.

साहेबांनी चष्मा पुसला. परत वाचलं. मग खुर्ची मागे सरकवून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या नोकरीतली सगळ्यात मोठी तूट एका कोळसेवाल्याची होती, आठ किलोला एक किलो. त्या केसचं नाव काढलं की खात्यात अजून माणसं कानाला हात लावत. इथे आठाला पावणेपाच गायब होते, आणि तेही घरात, टेबलावर, सर्वांसमक्ष.

बायको दारात आली. नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या तिने पाहिल्या आणि तिला काय ते कळलं. ती म्हणाली, मशीन चालतंय ना, मग झालं. साहेब म्हणाले, चालतंय हीच तर मेख आहे. पारडं हललं नाही तर गिऱ्हाईक ओरडतं. थोडंसं हललं की गप्प बसतं. शहाणा लबाड नेहमी थोडंसं हलवतो.

रात्री जेवताना त्यांनी तीन शक्यता मांडल्या. एक, दुकानदाराने जावयाला खोट्या पट्ट्या दिल्या आणि जावई भोळा आहे. ही त्यांनी स्वतःच लगेच रद्द केली, कारण मुका माणूस भोळा नसतो. दोन, जावयाने खऱ्या पट्ट्या स्वतःच्या संगणकात घातल्या आणि तिथल्या जुन्या इथे आणल्या. तीन, काहीतरी वेगळंच, जे अजून आपल्या लक्षात येत नाहीये, आणि तेच सगळ्यात वाईट. बायकोने भात वाढला आणि विचारलं की चौथी शक्यता अशी नाही का, की तुम्हाला यातलं कळत नाही. साहेबांनी ती नोंदवून घेतली नाही.

शुक्रवारी तपासणी झाली. साहेबांनी संगणकाची वायर काढली, डबा उघडला, आणि जावयाने कुठे दाबलं होतं ते आठवून, तिथेच दाबून, दोन्ही नव्या पट्ट्या बाहेर काढल्या. इथवर कुणीही केलं असतं. पुढचं फक्त तेच करू शकतात. त्यांनी कपाटातून सोनाराचा ताजवा काढला, काचेच्या पेटीतला, श्वास लागला तरी हलणारा. खिडकी बंद केली. पंखा बंद केला. बायकोला श्वास जरा बेताने घ्यायला सांगितलं. आणि मेमरी तोलली.

एका पारड्यात जुनी पट्टी, एक जीबीची. दुसऱ्यात नवी, चार जीबीची. जुनीचं पारडं खाली गेलं.

साहेब ताजव्याकडे बघतच राहिले. चौपट माल, आणि वजन कमी. दुसरी पट्टी घातली, तेच. पारडी बदलून पाहिली, पासंग तपासला, तरी तेच. पासंग म्हणजे तराजूच्या दोन बाजूंतला मुळातला फरक. तो या ताजव्यात नव्हता. मग साहेबांनी वही काढली आणि खात्याच्या पद्धतीने अहवाल लिहिला. नग दोन. सांगितलेलं माप आठ. वापरात येणारं सव्वातीन. तूट पावणेपाच. वजन अपेक्षेपेक्षा कमी. संशयित: जावई. व्यवसाय: लिफ्ट दुरुस्ती. शेरा: स्वभाव अबोल, हात चपळ. पंच म्हणून बायकोची सही घेतली. तिने सहीपुढे "नाइलाजाने" असं लिहिलं. साहेबांनी ते खोडलं नाही, कारण पंचाच्या हस्ताक्षराला हात लावायचा नसतो.

मग नमुना म्हणून पट्ट्या पाकिटात, आणि रिकामा डबा सीलबंद. तारेचा वेढा, त्याला शिशाची गोळी, गोळीवर मोहर. आणि नियमाप्रमाणे अहवालाची वही त्या सीलबंद मालावरच ठेवली. बायको म्हणाली, "अहो, उद्या ती दोघं येणार आहेत." साहेब म्हणाले, त्याआधी छडा लागेल. पट्ट्यांच्या पाकिटावर दुकानाचा शिक्का होता.

शनिवारी चार वाजता साहेब निघाले. वेशांतर केलं. म्हणजे टोपी घातली आणि हातात बायकोची भाजीची पिशवी घेतली. याच वेशात त्यांनी अर्धा बाजार पकडला होता आणि उरलेला अर्धा त्यांना लांबूनच ओळखायला शिकला होता.

दुकान बसथांब्यामागे होतं, बोळाएवढं अरुंद. दोन्ही भिंतींना उघडे पडलेले संगणक, वायरींची भेंडोळी, आणि मध्ये स्टुलावर दुरुस्तीवाली बाई, चष्मा डोक्यावर, दातात स्क्रू धरलेला. साहेबांनी इकडेतिकडे बघत सहज विचारल्यासारखं विचारलं की मेमरीच्या पट्ट्या मिळतात का, आणि पूर्ण मापाच्या मिळतात का. बाईने स्क्रू दातातून काढला. तिला आजवर लोकांनी स्वस्त, जुन्या, टिकाऊ अशा सगळ्या विचारल्या होत्या. पूर्ण मापाच्या कुणी विचारल्या नव्हत्या.

"काका, आणल्यात का सोबत? दाखवा," ती म्हणाली.

वेशांतर तिथेच संपलं. साहेबांनी पाकीट पुढे केलं. बाईने पट्ट्या उलटसुलट पाहिल्या, शेजारच्या एका संगणकात बसवल्या आणि तो सुरू केला. साहेब टेबलाच्या काठावर वाकून तिच्या हातांकडे बघत होते. पडद्यावर ओळ आली. बसवलेली आठ. वापरण्याजोगी: जवळजवळ आठ, केसभर कमी.

"भरलं माप?" बाईने विचारलं.

साहेबांनी ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले की माझ्या घरी हेच सव्वातीन भरतं, तर तुमचं मशीन जास्त दाखवत असेल. बाई हसली. तिने विचारलं, घरचा संगणक किती जुना. तेरा वर्षं, म्हटल्यावर तिने मान हलवली आणि समजावून सांगितलं, हातातल्या पेचकसाने हवेत रेघा मारत. त्या काळी संगणक चालवायला आत जी व्यवस्था घालत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिला चारापर्यंतच मोजता येतं. त्यातलाही थोडा भाग पडद्याबिडद्याच्या कामाला आधीच राखलेला. उरतात सव्वातीन. वरचे चार तिच्या हिशेबातच येत नाहीत. ते तिथे असतात, धडधाकट असतात, पण तिला दिसत नाहीत.

"माल पूर्ण आहे, काका. मोजणारा तोकडा आहे."

साहेबांनी टोपी सरळ केली. बाईला वाटलं कळलं नाही, म्हणून ती परत सांगायला लागली. पण त्यांना कळलं होतं, आणि नको तितकं कळलं होतं. प्रत्येक काट्यावर एक पत्र्याची पट्टी ठोकलेली असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, कमाल इतके किलो. नवा माणूस खात्यात आला की साहेब त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. बोट दाखवण्याआधी पट्टी वाच. पाच किलोच्या काट्यावर दहा किलोचं पोतं ठेवलंस तर काटा पाचावर जाऊन थांबेल, आणि त्यात पोत्याचा गुन्हा नाही. एका नवशिक्याने एकदा नेमकं हेच करून एका पीठवाल्याला दिवसभर बसवून ठेवलं होतं. साहेबांनी त्या नवशिक्याची वर्षभर टिंगल केली होती. शेवटी बिचाऱ्याने बदली मागून घेतली.

"पण वजन कसं कमी भरलं?" त्यांनी शेवटची धडपड केली.

"कशाचं वजन?"

साहेबांनी सांगितलं. बाईने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मागे वळून, खोकल्यासारखं काहीतरी करून, परत फिरली. जुन्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी चिपा असायच्या, नवीवर एकाच बाजूने, एवढंच ती म्हणाली. मेमरी तोलून विकत नाहीत हे तिने सांगितलं नाही. बाई सभ्य होती.

पाकीट परत देताना तिला या पट्ट्या कुणी नेल्या होत्या ते आठवलं. लिफ्टवाले तुमचे कोण, असं तिने विचारलं. जावई, असं साहेब इतक्या हळू म्हणाले की तिला ते ओठांवरून वाचावं लागलं. मग तिने सांगितलं की त्यांनी पट्ट्या घेतानाच विचारलं होतं, वरचे चार वाया जाऊ नयेत म्हणून काय करता येईल. एक उपाय म्हणजे नवी व्यवस्था घालायची. पण तिच्यावर जुना स्कॅनर चालेलच असं नाही. तर ते म्हणाले, नको, सासऱ्यांचा ग्रंथ त्या स्कॅनरवर अडलाय. म्हणून तिने दुसरा उपाय सांगितला होता, एक छोटा प्रोग्रॅम घालायचा. तो परवाच त्यांना दिला होता. आज बसवणार होते.

"मग तो मला काही बोलला का नाही?" साहेबांनी विचारलं.

"मीही हेच विचारलं. तर म्हणाले, अर्धं सांगितलं तर संशय, पूर्ण सांगितलं तर जास्त."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाचाला बारा मिनिटं कमी होती. पट्ट्या परत बसवायच्या, सील काढायचं, वही लपवायची. बारा मिनिटं पुरली असती. फक्त ती दोघं लवकर आली नसती तर.

ती लवकर आली होती. साहेबांची बायको कोपऱ्यावर बिस्किटं आणायला गेली असताना मुलीने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. साहेब धापा टाकत आत आले तेव्हा जावई संगणकासमोर खुर्चीवर बसला होता. समोर तारेने बांधलेला, शिशाची मोहर लावलेला डबा. मुलगी उभी होती, वही हातात. आणि नुकतीच परतलेली बायको बिस्किटांचा पुडा छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात. मुलगी वाचत होती. ग्रंथालयात असल्याने तिचं वाचन स्वच्छ.

"शेरा. स्वभाव अबोल, हात चपळ."

"अबोल हे खरंय," जावई म्हणाला.

मुलीने वही मिटली. तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि साहेबांना ठाऊक होतं की हे वाईट लक्षण आहे. ती म्हणाली, "बाबा, सोमवारी आम्ही तिकडचाच करार वाढवतोय. इथे राहायचं म्हणजे रोज दारात वजन करून घ्यावं लागेल." तिने पिशवीतून कराराचा कागद काढला आणि सहीसाठी पेन शोधायला लागली. बायकोने पुडा टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकली. इतक्या वर्षांत तिची लाइन पहिल्यांदाच बंद होती.

साहेब टोपीसकट उभे होते, एका हातात भाजीची पिशवी, पिशवीत पट्ट्या. मग त्यांनी मुलीपुढे हात केला आणि वही मागितली. तिला वाटलं फाडणार. पण खात्याचा नियम वेगळा आहे. चुकलेला अहवाल फाडायचा नाही, पान काढायचं नाही, शाई पुसायची नाही. वाचता येईल अशी एक तिरकी रेघ मारायची, खाली कारण लिहायचं, सही करायची. एकतीस वर्षांत साहेबांवर ही पाळी आली नव्हती. त्यांनी टेबलाशी वाकून रेघ मारली. रेघ थोडी वाकडी आली. खाली लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने वाचलं.

"अहवाल रद्द. माल पूर्ण होता. तपासनिसाने काट्याची क्षमता वाचली नाही. चूक तपासनिसाची."

सही केली. पंच म्हणून बायकोपुढे वही धरली. तिने सही केली, आणि या वेळी पुढे काही लिहिलं नाही.

तुम्हाला वाटेल की आता सगळ्यांचे डोळे भरून आले. छे. घरात संशय पसरला. मुलीने आईकडे पाहिलं आणि विचारलं की यांना बरं नाहीये का. आईने पुढे होऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. जावई रेघेकडे बघत होता, मग टोपीकडे, मग भाजीच्या पिशवीकडे, जिच्यात भाजी नव्हती.

"दुकानात जाऊन आलात," तो म्हणाला. "म्हणजे मी आठ म्हटलं ते पटलं नाही. बाईच्या मशीनने म्हटलं तेव्हा पटलं."

हे खरं होतं, आणि रेघ मारून ते खोडता येणार नव्हतं. साहेब खुर्चीवर बसले. म्हणाले, "जावईबापू, मला कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. आजपासून स्वतःच्याही नाही. एवढं मात्र खरं सांगतो."

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आवाजावरून बिघाड ओळखतो. जावयाने खिशातून पक्कड काढली, तार तोडली, डबा उघडला आणि पट्ट्यांसाठी हात पुढे केला. साहेबांनी पिशवी दिली. मुलगी पेन हातात धरून उभीच होती.

पट्ट्या बसल्या, प्रोग्रॅम चढला. जावई काम करता करता बोलत होता, त्याच्या मानाने भरपूर. संगणकाला न दिसणाऱ्या त्या चार जीबीची त्याने एक वेगळी जागा करून दिली, आत एक कप्पा असल्यासारखी. फोटो उघडताना जो तात्पुरता पसारा होतो तो यापुढे तिकडे पडेल, आणि सव्वातीन मोकळे राहतील. फक्त एक ध्यानात ठेवायचं, तो म्हणाला. संगणक बंद केला की त्या कप्प्यातलं सगळं पुसलं जातं. ग्रंथ तिथे ठेवायचा नाही.

"सगळं? रोज?" साहेब ताठ बसले. "आणि ते जातं कुठे?"

"कुठेच नाही."

साहेबांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि परत मिटलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण ते मिटलेलं तोंड घरातल्या सगळ्यांनी पाहिलं, जावयानेसुद्धा. मग त्याने फोटो उघडले, एकदम वीस. खोटी वजनं, ताणलेल्या स्प्रिंगा, दुहेरी तळाची मापं, सगळी पटापट पडद्यावर उभी राहिली. चहा करायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

जावई उठला, हात पुसले आणि विचारलं, "वर खोल्या किती म्हणालात?"

"दोन," साहेब म्हणाले.

"वापरण्याजोग्या?"

साहेबांची नजर जिन्याकडे गेली. माडीवर काय आहे हे सगळ्या घराला ठाऊक होतं. खात्याने वेळोवेळी लिलावात काढलेले जप्त तराजू, मोडके काटे, पोकळ वजनांच्या पेट्या. साहेबांनी एकेक करून घरी आणलेलं सगळं तिथे रचलेलं होतं, पार खिडकीपर्यंत.

"पाऊण," दारातून त्यांची बायको म्हणाली. लाइन परत सुरू झाली होती.

मुलगी हसली. तिने पेनाला टोपण लावलं. कराराचा कागद मात्र फाडला नाही, नीट घडी करून पिशवीत ठेवला. सोमवारला अजून दीड दिवस होता, आणि शेवटी ती काटेसाहेबांची मुलगी. खोल्या मोकळ्या होतात का ते ती आधी डोळ्यांनी बघणार होती.

मग कुणी बसलंच नाही. साहेबांनी टोपी काढली, बाह्या दुमडल्या आणि जिना चढले. मागून जावई. पहिल्यांदा दाराशीच असलेला धान्यबाजारातला मोठा काटा उतरवायचा ठरला, लोखंडी पाटाचा, दोन माणसांशिवाय न हलणारा. साहेब वरच्या टोकाला, जावई खालच्या. पायरी पायरी करत ते उतरू लागले. दोघांच्याही कपाळाला घाम, आणि दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघत होते. जड बाजू आपल्याच वाट्याला आलीय, अशी दोघांनाही दाट शंका होती.